रिकामी फेरी

धनावडे वहिनींनी डबी घेतली बाराशेची.
दारावर आलेला पोरगा टाय लावून होता,
म्हणाला, प्लगात खोचा आणि विसरा,
बिल चाळीस टक्के खाली.
वहिनी विसरल्या नाहीत. दोन महिने
रोज दिवेलागणीला मीटरपुढे उभ्या,
पदराने काच पुसत.
बिल आलं अकरा रुपयांनी जास्त.

मग मला हाक. कोपरखैरणे, सेक्टर पाच,
सिडकोची घरं भिंतीला भिंत,
हाकेला खिडकीही लागत नाही.
मी रबाळ्याला सतरा वर्षं कपॅसिटर गुंडाळले,
हे आळीत सगळ्यांना ठाऊक,
म्हणजे नेमकं काय केलं, ते कुणालाच नाही.

डबी उघडण्याआधी
दोन्ही पिना स्क्रूड्रायव्हरने टेकवल्या.
ठिणगी आली नाही. सवय, दुसरं काय.
आत एक काळा ठोकळा, चार मायक्रोफॅरडचा,
एक हिरवा दिवा,
आणि वजन भरावं म्हणून सिमेंटचा गोळा.
पकडीने ठोकळा फोडला,
चंदेरी पट्टा सुटला नखावर.
"तुमच्याच हातचा का हो?"
"नाही. माझी कड एवढी वाकडी जायची नाही."

मग हे करतं काय, वहिनी म्हणाल्या.
मी म्हटलं, भाऊजींचंच घ्या.
वाशीच्या मार्केटात बटाट्याची गोणी
ट्रकपासून गाळ्यापर्यंत,
टाकली की रिकामे माघारी.
वहीत रेघ पडते गोणीची,
रिकाम्या फेरीची नाही.
पण रिकामा माणूसही गल्ली अडवतो,
घाम त्यालाही येतो.

मोटर तशीच. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप
फिरायच्या आधी चुंबक उभं करतात.
त्यासाठी वीज येते नि तशीच परत जाते,
सेकंदाला शंभरदा, काहीही न उचलता,
नुसती तार तापवत.
कपॅसिटर म्हणजे गाळ्याशेजारी टाकलेलं बाकडं:
रिकाम्याने ट्रकपर्यंत जाऊच नये,
इथेच टेकावं, इथूनच उठावं.
कारखान्याला रिकाम्या फेऱ्यांचा दंड बसतो,
म्हणून तिथे आमचे डबे ओळीने भिंतीला.
घरचा मीटर मात्र मुकादमासारखा,
गोण्याच मोजतो.
जे पैसे कुणी मागितलेच नव्हते
ते ही डबी वाचवते.

वहिनी बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या,
"ह्यांचे गुडघे कुठल्या फेरीत गेले, कसं कळायचं?"
मला सांगता आलं नाही.
मी चहाचा कप विसळायला उठले.

उठलेच होते, तर तेच अकरा रुपये जास्तीचं बिल
फ्रिजच्या दारात धरलं, दार लावलं, ओढलं.
लोण्यातून सुरी यावी तसं आलं.
"हे बघा, बिल इथून जातं."
रबराची पट्टी, साडेचारशे.
वर पंखा, लग्नातला, चौऱ्याण्णव सालचा,
पंचाहत्तर वॅट खाऊन टेबलावरचं वर्तमानपत्रही न हलवणारा.
आताचे अठ्ठावीसमध्ये भागवतात.
वहिनी पंख्याकडे बघत राहिल्या,
माहेरच्या माणसाबद्दल कुणी काही बोलावं तशा.
"पट्टी आणते," म्हणाल्या. पंख्याचं नाव काढलं नाही.

डबी मी कचऱ्यात टाकणार,
तर हात धरला.
"दिवा राहू द्या तेवढा.
हे तीनला उठतात मार्केटला,
माझी झोपमोड नको म्हणून बटण लावत नाहीत.
त्या उजेडात माठ दिसतो."

मग सिमेंट काढलं, तुटका ठोकळा काढला,
दिवा नि त्याचा रेझिस्टर परत जोडला,
डबी हलकी झाली, वाजायला लागली,
म्हणून आत चिंधी कोंबली.
अर्धा वॅट.
हा मीटरमध्ये मोजला जाईल, मी सांगितलं.
वहिनी म्हणाल्या, मोजू दे.